जॉन जे यांच्यावर सात मिनिटं बोलायचं तर

मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यावर संध्याकाळी वक्तृत्वाची पोरं येतात. परवा एकीला चिठ्ठीत जॉन जे आले. तिनं घडाघडा म्हणून दाखवलं: अमेरिकेच्या काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी सभेचे अध्यक्ष, स्पेनला वकील म्हणजे राजदूत, परराष्ट्र खात्याचे सचिव, पहिले सरन्यायाधीश, न्यूयॉर्कचे गव्हर्नर. मी म्हटलं, "बाई, ही तर लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची यादी झाली!"

ही यादी अर्ध्या मिनिटात उरका. आणि नाव प्रत्येक वेळी पूर्ण घ्या. नुसतं "जे म्हणाले" म्हटलं की मागच्या बाकावरून "कोण जे?" येतंच.

सुरुवात चित्रानं करा. इंग्रजांनी अमेरिकेचं स्वातंत्र्य मान्य केलं त्या पॅरिसच्या तहाचं चित्र बेंजामिन वेस्ट या चित्रकारानं काढायला घेतलं. डावीकडं अमेरिकेचे वकील जॉन जे, अ‍ॅडम्स, फ्रँकलिन. उजवीकडं नुसता कोरा कॅनव्हास, कारण इंग्रजांचा वकील चित्रासाठी बसलाच नाही. इथं दोन सेकंद गप्प राहा.

मग याच तहाच्या बोलण्यांकडं, १७८२ कडे या. फ्रान्सला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, असा काँग्रेसचा हुकूम होता. पण त्याआधी दोन वर्षं माद्रिदमध्ये स्पेनच्या दरबारानं जॉन जेंना वकील म्हणून मानलंच नव्हतं, त्यामुळं माणूस पोळलेला. फ्रान्स आपल्या माघारी इंग्रजांशी बोलतोय असा वास येताच जॉन जेंनीही गुपचूप आपला माणूस लंडनला धाडला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात ना, तसंच. हे उदाहरण दिलंत की परीक्षक मान वर करतो.

निम्मा वेळ इंग्रजांशी झालेल्या १७९४ च्या लंडन तहाला द्या, खरी मजा तिथंच आहे. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टननं चक्क सरन्यायाधीशालाच, म्हणजे जॉन जेंनाच, बोलणी करायला पाठवलं. मिळालं काय? अमेरिकेच्या वायव्येकडचे किल्ले इंग्रज जून १७९६ पर्यंत सोडणार. राहिलं काय? अमेरिकी खलाशांना धरून जबरदस्तीनं इंग्रजी आरमारात घालत, त्यावर तहात चकार शब्द नाही. अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, १७९५ मध्ये तह २० विरुद्ध १० नं, जेमतेम दोनतृतीयांशानं पास झाला आणि गावोगावी जॉन जेंचे पुतळे जाळले. आपल्याकडं खर्ड्याची लढाई झाली ते हेच १७९५ साल. शिवाय याच तहाच्या तेराव्या कलमानं अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातली इंग्रजांची बंदरं खुली झाली. हे सांगायला विसरलात तर तुमच्यासारखा करंटा तुम्हीच.

गुलामांचा मुद्दा लपवू नका. जॉन जेंच्या घरी गुलाम होते. गव्हर्नर असताना १७९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलामी टप्प्याटप्प्यानं संपवणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली. दोन्ही वाक्यं पाठोपाठ म्हणा, मध्ये "पण" घालू नका.

तालीम आरशासमोर नको. आमच्या पोरी आजीसमोर म्हणतात. आजी जिथं "मग?" म्हणते तिथं वाक्य ठेवायचं, जिथं सुपात लसूण सोलायला लागते तिथं काट मारायची.