रॅम बदलायला बसण्याआधी

गोव्यात कसलं आलंय स्टॅटिक, म्हणजे घासण्याने अंगावर साठणारी वीज, इथं बारा महिने घाम, असं म्हणत मीही बरीच वर्षं तसाच सीपीयू उघडायचो. मग आकडे वाचले. सुक्या हवेत कार्पेटवरून चाललं की अंगावर 35,000 व्होल्टपर्यंत साठू शकतात, आपल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत ते 1,500 च्या आसपास येतात, म्हणजे कमी झाले पण गेले नाहीत ना! आणि आपल्याला झटका जाणवतो तो साधारण 3,000 च्या वर, नाजूक चिपला मात्र शंभराच्या आतही पुरतं. म्हणजे इथं झटका बसत नाही म्हणून आपण बिनधास्त आणि चिप गपचूप जाते. कधी लगेच जात पण नाही, अर्धमेली होते, दोन महिन्यांनी मशीन मधेच हँग व्हायला लागतं, मग शिव्या विंडोजला.

तर आदल्या दिवशीच रिस्ट स्ट्रॅप, म्हणजे अंगातलं स्टॅटिक वायरीने काढून घेणारा मनगटाचा पट्टा, शोधून ठेवा. त्यातला 1 मेगाओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट रोखून धरणारा भाग, आपल्या जिवासाठी असतो, म्हणून मनगटाला नुसती तांब्याची वायर गुंडाळायचा जुगाड नको. एसीच्या खोलीत बसू नका, एसी हवा सुकी करतो. टाइल्सवर लाकडी टेबल बरं. कपडे सुती, रविवारची फुटबॉल जर्सी काढून ठेवा, ती पॉलिएस्टरची असते. चवथीच्या मखराचं उरलेलं थर्माकोल बोर्डाखाली ठेवणारे मी बघितलेत, अगदी मऊ गादी म्हणून! थर्माकोल टेबलाजवळसुद्धा नको. पार्ट ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत येतात तिच्यात बोर्ड ठेवा, पण तिच्यावर ठेवून चालू करू नका, बाहेरून ती करंट वाहू शकते.

प्लग काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, मग स्ट्रॅपची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा, रंगावर लावून उपयोग नाही. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, त्यामुळे भिंतीतल्या सॉकेटच्या भरवशावर राहू नका, आपण आणि मशीन विजेच्या एकाच पातळीवर असलो की काम भागतं. नवी रॅम पिशवीसकट आधी त्या पत्र्याला टेकवा, मग बाहेर काढा, आणि कडांनीच धरा, सोनेरी पट्टीला बोट नको. धूळ मऊ ब्रशने झाडा, घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवरच भरपूर स्टॅटिक तयार होतं. आणि स्क्रूंसाठी वाटी घ्याल ती स्टीलची, आइस्क्रीमचा प्लास्टिकचा डबा नको.