पन्नास गुंठ्यांतली ९ बाय १२ ची खोली

मी वागळे इस्टेटमध्ये सत्तावीस वर्षं टर्नर होतो, लेथवर लोखंडी भाग कातायचं काम. निवृत्तीनंतर शहापूर तालुक्यातल्या आजोबांच्या पन्नास गुंठ्यांवर एकट्याच्या हातांनी खोली उभी केली. एकट्याच्या म्हणजे, मेढी (छताचा माथा पेलणारे उंच खांब) उचलायला शेजारचे ठाकर मामा आणि त्यांचा मुलगा होतेच. आता नौपाड्यातले मित्र विचारतात, आम्हीही बांधू का? बांधा. पण कोयत्याआधी सातबारा हातात घ्या.

'इतर हक्क' रकान्यात वनाची नोंद असेल तर तिथेच थांबा आणि तहसीलमध्ये विचारा. आपल्या ठाणे जिल्ह्यात खासगी वनाच्या नोंदींनी भल्याभल्यांची झोप उडवली आहे. जमीन तुमची म्हणून झाडही तुमचंच, असंही नाही. साग, खैर, ऐन, मोह ही झाडं १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याखाली येतात. परवानगीशिवाय हात लावायचा नाही. खोलीसाठीही ग्रामपंचायतीत आधीच विचारून ठेवा.

मग एक पूर्ण पावसाळा नुसतं बघा. छत्री घेऊन जुलैत उभे राहा, पाणी कुठून उतरतं, कुठे तुंबतं ते पाहून खुंट्या ठोका. मी मे महिन्यात जी जागा पसंत केली होती, तिथून जुलैत ओहोळ वाहत होता.

साफसफाई दिवाळीनंतर. खरी शत्रू घाणेरी, म्हणजे माजून पसरणारं ते काटेरी झुडूप. ती वरून छाटली की दुप्पट जोमाने फुटते. टिकावाने बुंध्याभोवतीची माती बाजूला करा, खोड आणि मूळ जुळतं त्या गाठीच्या खाली चार बोटं मुळावर घाव घाला, आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, वाळू द्या. जमिनीवर आडवं टाकलं तर पुन्हा मुळं धरतं. पेटवू नका, वणवा शेजाऱ्याचं शेत विचारून जात नाही. दगड हाताने नाही, पहारीने उलटा; खाली फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतं. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेतच. पश्चिमेची झाडं मी हौसेने विरळ केली. ती चूक तुम्ही करू नका, वारा तिकडूनच येतो.

खोली ९ बाय १२ फुटांची घेतली, त्यालाही कारण आहे. कर्ण बरोबर १५ फूट येतो. दोन्ही कर्ण १५ भरले की कोपरे काटकोनात, गुण्या लागत नाही. पातळीसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी, उभ्यासाठी ओळंबा. पहिल्या दिवशी मी मिलिमीटर मोजत बसलो, तर मामा म्हणाले, "शेठ, लाकूड वाळलं की हलणारच."

दोन मेढी, सहा खांब. अडीच फूट जमिनीत, दीड फूट जोतं, सात फूट भिंत, साडेतीन फूट चढ. बेरीज साडेचौदा, म्हणजे मेढ पंधरा फुटी आणा. गाडायचं टोक विस्तवावर काळं करून वर डांबर लावा, नाहीतर वाळवी. दोन मेढींवर आढं, म्हणजे माथ्याचं आडवं लाकूड, आढ्यावरून वासे. साडेचार फुटाला, म्हणजे अर्ध्या रुंदीला, साडेतीन फूट चढ ठेवल्याने कौलांवर पाणी थांबत नाही. वळचण भिंतीबाहेर तीन फूट काढा. बांबू पावसाळ्यानंतरचा, तोही तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला; नाहीतर भुंगा पोखरतो आणि रात्रभर कुरकुर ऐकत बसावं लागतं.

भिंती कुडाच्या, म्हणजे काठ्यांवर माती लिंपून केलेल्या. काठ्या कारवीच्या झुडपाच्या; कारवी जंगलातून तोडू नका, विकत घ्या. काठ्या उभ्या लावून आडव्या बांबूच्या कांबींना काथ्याने आवळा. लाल माती, भाताचं तूस आणि शेण आदल्या दिवशी भिजवून पायाने तुडवा. गोळा मुठीतून ओघळला तर पाणी जास्त. पहिल्या थराला भेगा पडतातच, घाबरू नका. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा थर त्या भेगांत घोटून बसवा. मी घाई करून ओल्यावरच थर दिला आणि उत्तरेची भिंत पोपडे धरून खाली आली.

खिडक्या फुकटात मिळाल्या. आमच्या गल्लीतली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तिथल्या सागवानी. टेम्पोचं भाडं तेवढं पडलं.

पश्चिमेच्या भिंतीला दरवर्षी पेंढ्याचा झाप बांधावा लागतो, झड अडवायला. मे संपायच्या आत बांधा. गेल्या वर्षी मी जूनच्या पहिल्या रविवारवर ठेवलं, पाऊस शुक्रवारीच आला.