आधी आईची फाईल, मग बाळाचं पोट

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, पहिली ड्यूटी लागली तेव्हा मी बाळाचं वजन, आठवडे आणि श्वास एवढंच बघायचे. आईची फाईल म्हणजे गायनॅकवाल्यांचं काम, असा माझा समज. एका रात्री ३० आठवड्यांचं, ९४० ग्रॅमचं बाळ आलं. सिनियरने विचारलं, "डॉप्लर काय होतं?" मी गप्प. डॉप्लर, म्हणजे पोटातल्या बाळाच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, आईच्या फाईलमध्ये असते, आणि ती फाईल लेबर रूममध्येच राहिली होती.

जाऊन आणली. नाळेच्या धमनीत ईडीएफ, म्हणजे दोन ठोक्यांमधला प्रवाह, ॲब्सेंट.

हे नीट समजून घ्या. या धमनीतून रक्त बाळाकडून वारेकडे जातं, आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमध्येही ते पुढे वाहत राहायला हवं. वारेतला अडथळा वाढला की मधला प्रवाह थांबतो. आणखी वाढला तर उलटा फिरतो. अशा तंगीत बाळ मेंदू आणि हृदयाला आधी पुरवतं, आतड्याच्या वाट्याला उरलंसुरलं. म्हणून ही बाळं जन्मल्यावर शी उशिरा करतात, पोट फुगतं, दूध तुंबतं. आणि नेकची, म्हणजे आतडं सडण्याची, भीती असते.

त्या भीतीपोटी आम्ही त्याला सहा दिवस उपाशी ठेवलं. मीही मान डोलावली. तोवर सलाइनच्या लाईनमधून इन्फेक्शन झालं. बाळ वाचलं, पण महिनाभर रखडलं.

पुढे ॲडेप्ट चाचणी वाचली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली, ब्रिटन-आयर्लंडमधली. ३५ आठवड्यांच्या आतली, खुरटलेली, डॉप्लर बिघडलेली सुमारे ४०० बाळं. काहींना दुसऱ्या दिवशी दूध सुरू केलं, काहींना सहाव्या. लवकर सुरू केलेली १८ दिवसांत फुल फीडला, म्हणजे सगळं पोषण दुधावरच, पोचली, उशिराची २१ दिवसांत. नेक मात्र लवकरवाल्यांत लक्षणीय वाढला नाही. तरी २९ आठवड्यांखालच्यांना जपूनच. त्यांना वेळही जास्त लागतो आणि नेकही जास्त होतो.

आता पोटाबद्दल. टेपने घेर मोजा, पण हातही लावा. मऊ फुगलेलं पोट आणि ताणून चमकणारं पोट यांतला फरक टेप सांगत नाही. पोटात घातलेल्या नळीतून थोडं दुधाळ परत आलं म्हणून लगेच फीड बंद करू नका. हिरवं आलं, शीमध्ये रक्त दिसलं, बाळ मलूल झालं, तर मात्र सिनियरला उठवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. आणि सिस्टर म्हणाली "मॅडम, हे आज बरं दिसत नाही", तर एक्स-रे सांगा. मी एकदा वाद घातला होता. सिस्टर बरोबर निघाली.

दूध शक्यतो आईचंच. नाही मिळालं तर मिल्क बँकेचं. मुंबईत सायन हॉस्पिटलला अशी बँक १९८९ पासून आहे. पण यातल्या बऱ्याच आया बीपीमुळे वर वॉर्डात पडून असतात, त्यांना दूध काढा म्हणून कुणी सांगतच नाही. तुम्ही जा. सुरुवातीला सिरिंजमध्ये जेमतेम अर्धा मिली येतं, पिवळंधमक. आई ओशाळून म्हणते, "एवढंच आलं हो." तिला सांगा, आज बाळाच्या फीडला एवढंच लागतं.