जुन्या लेथबरोबर आलेली हत्यारं कशी ओळखायची?

लाकूडकामाचा जुना लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) विकत घेतला की विकणारा बहुतेक वेळा गोणीभर लोखंड सोबत देतो. त्यात लेथची हत्यारं असतात, सुतारकामाच्या पटाश्या असतात, कानस घासून कोणी केलेलं काहीबाही असतं, आणि दोन-चार वस्तू कुठे लावायच्या तेच कळत नाही. नवखा माणूस प्रत्येकाचं टोक बघतो आणि चित्राशी जुळवायला जातो. घोळ तिथेच होतो. टोकाचा आकार आधीच्या मालकाच्या ग्राइंडरने ठरवलेला असतो. वर्षानुवर्षं धार लावून तिरक्या धारेच्या स्क्यूचा खरवडायचा स्क्रेपर होतो, गोल नाकाचं सपाट होतं. हत्याराचं अंग मात्र बदलत नाही. म्हणून आधी आडवा छेद बघा, मग मुठीत शिरणारी शेपूट, आणि धार सगळ्यात शेवटी.

पहिलं काम म्हणजे सफाई. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि तारेच्या ब्रशने गंज काढा. ग्राइंडरला लावू नका, कारण मुठीजवळचा ठसा गेला तर अर्धी ओळख गेली. ‘एचएसएस’ किंवा ‘एम २’ असं कोरलेलं असेल तर ते हायस्पीड स्टील. मार्पल्स, हेन्री टेलर, रॉबर्ट सॉर्बी ही शेफिल्डची नावं दिसली आणि एचएसएसचा उल्लेख नसला, तर जुनं कार्बन स्टील असण्याची शक्यता धरून चाला.

ठसाच नसेल तर ठिणगी बघा. डोळ्यांवर चष्मा लावून, धारेला नव्हे तर मुठीजवळच्या कडेला ग्राइंडरचा निसटता स्पर्श द्या. कार्बन स्टीलमधून पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या भरपूर ठिणग्या उडतात. हायस्पीड स्टीलच्या ठिणग्या मोजक्या, मंद तांबूस, आणि त्या फुटत नाहीत. हा फरक धार लावताना लागतो. कार्बन स्टील सुमारे ३०० अंश सेल्सियसला निळं पडतं आणि तिथलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. ती धार दोन मिनिटांत बोथट होते. निळा भाग पूर्ण घासून काढण्याशिवाय त्याला इलाज नाही. हायस्पीड स्टील ५०० अंशांपर्यंतही कडकपणा सोडत नाही, त्यामुळे त्याच्यावर निळी झाक आली तरी घाबरायचं कारण नाही.

आता पन्हळीसारखी खोबण असलेली हत्यारं, म्हणजे गाऊज. गोणीतला खरा धोका यांच्यातच असतो, म्हणून इथे वेळ घालवा. तीन प्रकार एकमेकांसारखे दिसतात. पातं रुंद (साधारण २० ते ४० मिमी), भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, छेद इंग्रजी ‘यू’सारखा, आणि मुठीकडे जाताना अंग एकदम अरुंद, चपट्या शेपटीवर येत असेल, तर तो रफिंग गाऊज. चौकोनी तुकडा दोन टोकांमध्ये धरून गोल करायला हाच घ्यायचा, उतार (धारेमागची घासलेली तिरकी बाजू) ४५ अंशांच्या आसपास. वाडग्याच्या लाकडाला मात्र तो कधीही लावू नका. वाडग्याच्या तुकड्यात रेषा आडव्या असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात धारेसमोर दोनदा उभे तंतू येतात आणि हत्याराला दोनदा झटका बसतो. तो सगळा झटका त्या चपट्या शेपटीवर जातो, आणि शेपूट मुठीपाशी तुटते. तुटलेलं पातं कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं.

अंग गोल सळईचं असेल आणि तीच सळई जाडी न गमावता मुठीत शिरत असेल, तर पन्हळीची खोली बघा. खोल असेल तर वाडग्यांसाठीचा बाऊल गाऊज, उथळ असेल आणि पन्हळीखाली भरपूर लोखंड शिल्लक असेल तर स्पिंडल गाऊज. मण्या-गळ्यांच्या नक्षीला स्पिंडल गाऊज, उतार ३५ ते ४० अंश. बाऊल गाऊजचा उतार ४५ ते ६०. मापातही एक गोंधळ आहे. ब्रिटिश कारखाने बाऊल गाऊजचं माप पन्हळीच्या रुंदीवर देतात, अमेरिकन सळईच्या व्यासावर. त्यामुळे ठशावर ३/८ इंच असलेला ब्रिटिश गाऊज प्रत्यक्षात अर्ध्या इंची सळईचा निघतो. कॅलिपर लावा, ठशावर विसंबू नका.

याच घोळक्यात कोरीवकामाची गोल पटाशी लपलेली असते. तिची खूण मुठीत. कोरीवकामाच्या पटाशीवर ठोकतात, म्हणून मुठीचं मागचं टोक चेपलेलं किंवा कडं घातलेलं असतं आणि एकूण लांबी वीतभर-सव्वा वीत. लेथच्या हत्याराला कोणी ठोकत नाही. त्याची मूठ लांब, कडं फक्त पात्याच्या बाजूला, आणि सगळं मिळून सहसा दीड-दोन वीत तरी. पटाशी लेथला लावली तर पातळ असल्याने थरथरते, आणि अडकली तर मोडते.

सपाट हत्यारांत उतार किती बाजूंना आहे ते पाहा. दोन्ही बाजूंना, आणि धार साधारण ७० अंशांत तिरकी: स्क्यू. एकाच बाजूला, अंग ६ ते १० मिमी जाड, उतार उभट (७० ते ८० अंश): स्क्रेपर. एका बाजूला पण २५ अंशांचा तीक्ष्ण उतार, अंग पातळ: ती सुताराची साधी पटाशी, तिला परत सुतारकामात पाठवा. अंग अरुंद पण उंच असेल तर पार्टिंग टूल, म्हणजे खाच पाडून तुकडा वेगळा करायचं हत्यार. त्याचा छेद कधी कधी हिऱ्यासारखा असतो, मध्ये रुंद आणि वर-खाली निमुळता. धार बरोबर त्या रुंद जागेवर यायला हवी. जुन्या मालकाने ती वर किंवा खाली सरकवून ठेवलेली असली, तर खाच पात्यापेक्षा अरुंद पडते, हत्यार आवळलं जातं, धूर निघतो, आणि नवखा माणूस लाकडाला दोष देतो.

आपल्याकडच्या गोण्यांत घरगुती हत्यारं हमखास असतात. ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेलं, नीट पाणी दिलेलं हत्यार वाईट नसतं. कानशीचं मात्र वापरू नका. कानस काचेसारखी ठिसूळ असते आणि झटक्यात तिचे तुकडे उडतात. सपाट बाजूवर तिरकस दातांच्या पुसट रेषा उरलेल्या असतात, त्यावरून ती लगेच ओळखू येते.

उरलेल्या विचित्र वस्तूंपैकी काही फेकण्याआधी थांबा. कंगव्यासारखे दात असलेली जोडी, एकाचे दात टोकावर तर दुसऱ्याचे बाजूला: डब्या-झाकणांना आटे पाडायची हत्यारं. ती जोडीतच कामाची, एक हरवलं तर दुसरं अर्धं. हातभर लांब, पन्हळीसारखी पोकळ सळई म्हणजे दिव्याच्या खांबात वायरीसाठी आरपार भोक पाडायचं गिरमिट. निमुळत्या शंकूवर दोन किंवा चार दात: लाकूड फिरवणारा सेंटर. शंकूची जाड बाजू १२ मिमीच्या आसपास असेल तर मोर्स टेपर (शंकूचं ठरलेलं माप) १, पावणेअठरा मिमी असेल तर मोर्स टेपर २. रंगीत, कडक कांड्या सापडल्या तर त्या लाखेच्या. लेथ आधी कातकामाला, सावंतवाडीच्या खेळण्यांसारख्या लाखेच्या रंगकामाला होता असं समजा.

ओळख पटली की प्रत्येक मुठीला मास्किंग टेप लावून नाव, स्टीलचा प्रकार आणि उतार लिहा. मग ५० मिमी जाड, २५० मिमी लांब मऊ लाकडाच्या तुकड्यावर मिनिटाला हजाराच्या आसपास फेऱ्यांवर एकेक करून चालवा. टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी) लाकडापासून ५-६ मिमीवर, आणि चालू करण्याआधी लाकूड हाताने एकदा फिरवून बघा. जे ओळखलं नाही ते चालवू नका, खिळ्याला टांगा.

आणि ती नुसतीच गुळगुळीत, एका टोकाला गोळा असलेली लोखंडी सळई भंगारात टाकू नका. हेडस्टॉकच्या (लेथच्या लाकूड फिरवणाऱ्या डोक्याच्या) मागच्या भोकातून घालून अडकलेला सेंटर ठोकून बाहेर काढायची ती सळई आहे. पहिल्याच दिवशी लागेल.