घरी एअर बेड आणलाय? मग तो असा लावा

बाबांना पॅरालिसिस झाला, डिस्चार्जच्या वेळी सिस्टर म्हणाल्या एअर बेड घ्या, आम्ही सर्जिकलच्या दुकानातून आणला, फुगवला, बाबांना त्यावर झोपवलं आणि निर्धास्त झालो. आठव्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा. गादीत काही खोट नव्हती, ती वापरायची कशी हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आधी ती काय करते ते बघा. माणूस हलला नाही की हाड आणि गादीच्या मध्ये कातडी दाबली जाते, तिथं रक्त पोचत नाही आणि बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होतो. एअर बेडचे कप्पे दोन गटांत असतात, एक भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो, साधारण १० मिनिटांनी अदलाबदल होते, त्यामुळे दाब एकाच जागी राहत नाही. साध्या वॉटर बेडमध्ये ही अदलाबदल नसते.

आता लावायचं कसं. नुसत्या फळीवर टाकू नका, खाली नेहमीची फोमची गादी राहू द्या. त्यावर एअर बेड, कप्पे वरच्या बाजूला, नळ्या पायाकडं, पंप पायाकडच्या दांडीला टांगा आणि नळ्या कुठं पिळल्या नाहीत ना ते बघा. पूर्ण फुगला की मगच पेशंटला झोपवा. वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल, ताणून खोचली तर कप्प्यांचा उपयोगच राहत नाही. आम्ही काळजीपोटी चादर, रेक्झिन, त्यावर गोधडी असं सगळं घातलं होतं, आणि खाली घाम साचून कातडी ओली राहायची.

पंपाचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे ठेवा. मग सगळ्यात महत्त्वाचं, हाताने तपासणं. पेशंट झोपलेला असताना तळहात वर करून एअर बेडच्या खाली, बरोबर माकडहाडाखाली सरकवा. हात आणि शरीर यांच्या मध्ये निदान एक इंच फुगलेली गादी लागली पाहिजे. हाड थेट हाताला लागलं तर हवा कमी आहे, बटण वाढवा. फार टणक करू नका, तेही वाईटच. हे रोज करा.

आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं सोडू नका!! आम्ही हेच केलं होतं. साधारण दर दोन तासांनी, पूर्ण कुशीवर नको, पाठीमागे उशी देऊन थोडं तिरकं, नाहीतर सगळा भार खुब्यावर येतो. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा अधांतरी राहतात. ओढून सरकवू नका, दोघांनी चादरीसकट उचला. जेवण सोडून एरवी डोक्याकडची बाजू ३० अंशांच्या वर नको, माणूस खाली घसरतो आणि कातडी ओढली जाते. गोल रिंगची उशी अजिबात नको, तिच्या कडेनेच दाब पडतो.

लाईट गेली की पंप बंद पडतो, तेव्हा कूस जास्त वेळा बदला, जमल्यास पंप इन्व्हर्टरवर घ्या.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती पांढरी होत नसेल तर ती सुरुवात आहे, तिथं चोळू नका. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, हात लावून गरम किंवा टणक लागतंय का बघा. कातडी फुटली, काळी पडली, वास किंवा ताप आला तर घरगुती मलमात वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.