मूल सांगू लागते तेव्हा : शाळेत बालसंरक्षणाची व्यवस्था कशी उभारावी

दुसरीच्या वर्गातील एका मुलीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी परत येत असे. आई रागवायची, वर्गशिक्षिका समजावून सांगायच्या आणि मुलगी मान डोलावून गप्प बसायची. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली होती, मोठ्या वर्गातील मुले बाहेरून दार ढकलून पळत असत आणि तिथे जाण्याची वेळच येऊ नये म्हणून तिने शाळेत पाणी पिणे सोडून दिले होते. मी तेव्हा त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक प्रतिनिधी होते. समितीच्या सभांमध्ये रंगकाम, गणवेश आणि पोषण आहाराच्या तांदळावर आम्ही तासन्‌तास बोललो होतो. त्या कडीचा विषय मात्र एकदाही निघाला नव्हता.

मूल सहसा सरळ तक्रार करत नाही. ते तुकड्यातुकड्यांनी सांगते, तेही ज्याच्यावर विश्वास बसला आहे अशाच माणसाला, आणि पुष्कळदा शब्दांऐवजी वागण्यातून. म्हणून शाळेने दोन गोष्टींची तयारी ठेवली पाहिजे : मुलाला सांगता यावे अशी जागा आणि माणसे, आणि त्याने सांगितल्यानंतर पहिल्या तासात कोणी काय करायचे याचा आधीच झालेला निर्णय.

सुरुवात माणसांपासून करावी. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे रोजच्या बोलण्यातला पोक्सो कायदा, आणि त्याखालील २०२० चे नियम यांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची असते. शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, यातून कोणालाही सूट नाही. प्रत्यक्षात शिक्षकांची कागदपत्रे फायलीत व्यवस्थित लावलेली असतात. पण ठेकेदाराने पाठवलेला सफाई कामगार, सुट्टीवर गेलेल्या शिपायाच्या जागी आलेला बदली माणूस, संध्याकाळी खेळ शिकवणारे प्रशिक्षक आणि व्हॅनवाले काका यांच्याबद्दल शाळेकडे फक्त एक मोबाइल क्रमांक असतो. मुख्याध्यापकांनी एक नोंदवही करावी आणि शाळेच्या वेळेत मुलांजवळ जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचे नाव, तिला कोणी नेमले आणि पडताळणी कधी झाली हे तीत लिहावे. पडताळणी झालेली नसेल, तर ती होईपर्यंत त्या व्यक्तीला मुलांबरोबर एकटे ठेवू नये. वाहतुकीसाठी महाराष्ट्रात २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असते. मुली प्रवास करत असलेल्या बसमध्ये महिला सहायक असल्याची खात्री या समितीने करावी, आणि ती सहायक शेवटचे मूल उतरेपर्यंत बसमध्ये असते की मधल्याच थांब्यावर उतरून घरी जाते, हेही विचारावे.

यानंतर शाळा मुलांच्या उंचीवरून पाहावी. हे काम एका दुपारचे आहे. तिसरी-चौथीच्या मुलांना शाळेचा नकाशा काढायला सांगावा आणि आवडत्या जागा हिरव्या व नको वाटणाऱ्या जागा लाल रंगाने रंगवायला सांगाव्यात. जिन्याखालची अडगळ, प्रयोगशाळेमागची बोळ, सुट्टीनंतर रिकामा होणारा मजला, मुलामुलींच्या स्वच्छतागृहांकडे जाणारी एकच अरुंद वाट हे सारे त्या लाल रंगात आपोआप दिसू लागते. सीसीटीव्ही जरूर बसवावेत, शासनाचाही तसा आग्रह आहे. पण चित्रण कोण पाहतो आणि किती दिवस साठते हे ठरलेले नसेल, तर कॅमेरा असून नसल्यासारखाच. कडी, दिवा आणि स्वच्छतागृहाजवळ मधल्या सुट्टीत उभ्या राहणाऱ्या मावशी यांच्यावर होणारा खर्च त्याहून कमी आहे आणि माझ्या मते उपयोग अधिक आहे.

तक्रारपेटीबाबत एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. ती बहुतेक शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर टांगलेली असते. तिथे चिठ्ठी टाकताना दिसलेल्या मुलाला वर्गात "काय लिहिलंस रे?" असे दहा जण विचारणार. पेटी पाण्याच्या टाकीजवळ किंवा वाचनालयात, धाकट्या मुलांचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावावी. ठरलेल्या वारी दोन जणांनी मिळून उघडावी, त्यांपैकी एक पालक असावा. आणि चिठ्ठी निघो वा न निघो, नोंद करावी. त्याचबरोबर प्रत्येक मुलाला शाळेतील विश्वासाच्या दोन मोठ्या माणसांची नावे सांगता आली पाहिजेत. ती नावे मुलानेच निवडावीत. पुष्कळ मुले मुख्याध्यापकांऐवजी खिचडी वाढणाऱ्या ताईचे नाव घेतात, म्हणून बालसंरक्षणाचे प्रशिक्षण त्या ताईंनाही मिळायला हवे.

महाराष्ट्रात २०२२ पासून शाळा, केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट) आणि तालुका किंवा शहर स्तरावर मुलामुलींच्या सुरक्षिततेकडे लक्ष देणाऱ्या सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचे निर्देश आहेत, आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात. या समित्यांची नावे फलकावर रंगवून काम संपत नाही. पालकांनी सभेत तीन साधे प्रश्न विचारावेत : शेवटची बैठक कधी झाली, पेटीतून काय निघाले, त्यावर काय केले?

शिक्षेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. छडी, उठाबशा आणि वर्गासमोर केलेला अपमान हे सगळे त्यात येते, पालकांची संमती असली तरीही. जिथे मूल मोठ्यांना घाबरते तिथे ते मोठ्यांना काही सांगत नाही, म्हणून ही बाब बालसंरक्षणाच्या मुळाशी आहे.

आता सर्वांत कठीण प्रसंग. एखादे मूल शिक्षिकेजवळ येते आणि कोणीतरी आपल्याला नको तसा स्पर्श केला, असे अर्धवट सांगते. शिक्षिकेने हातातले काम बाजूला ठेवावे, मुलाच्या पातळीवर बसावे आणि त्याला त्याच्या गतीने बोलू द्यावे. "मग काय झालं?" एवढेच विचारावे. "त्यांनी असं केलं का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न तर कधीच विचारू नये, कारण मुलाला त्यात स्वतःचा दोष ऐकू येतो. "कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये, ते पाळता येत नाही. "तू सांगितलंस ते फार चांगलं केलंस, यात तुझी काहीच चूक नाही, तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच मी हे सांगणार आहे," असे शांतपणे म्हणावे. बोलणे संपताच मुलाचेच शब्द, जसे आले तसे, तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवावेत. मुलाने वापरलेला शब्द सभ्य करून लिहू नये.

इथून पुढे शाळेने चौकशी करायची नाही. हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत लिहून लावण्यासारखे आहे. मुलाला मुख्याध्यापकांसमोर, मग विश्वस्तांसमोर, मग संबंधित माणसासमोर उभे करून तेच पुन्हा वदवून घेणे ही त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेली इजा आहे, आणि तपासाचेही त्याने नुकसान होते. पोक्सो कायद्याचे कलम १९ सांगते की असा गुन्हा घडल्याचे ज्ञात असलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे. पुरावा गोळा करणे शाळेचे काम नाही, आणि सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. न कळवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा माहिती न कळवल्याच्या कारणावरून शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा नोंदवला गेला. त्यानंतरच्या शासन निर्णयात अशी घटना २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्यास सांगितले आहे. परंतु शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र पाठवल्याने पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य पूर्ण होत नाही.

त्याच दिवशी करायची कामे थोडी आहेत. पालकांना समक्ष बोलावून सांगावे. संशय घरातल्याच माणसावर असेल, तर आधी १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीशी बोलावे. संबंधित माणसाला मुलांपासून दूर ठेवावे. कॅमेऱ्याचे चित्रण वेगळे साठवून घ्यावे, कारण जुन्यावर नवे चढत राहते. उपचारांची गरज असेल तर रुग्णालय गाठावे. कागदपत्रे नाहीत म्हणून रुग्णालयाला तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाविना घ्यावा, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये, असे कायद्यातच आहे. पालकांना हे आधी सांगितले की त्यांची अर्धी धास्ती उतरते. मुलाचे नाव, वर्ग, छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरणार नाही, याची जबाबदारी वर्गशिक्षकांनी घ्यावी. ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, मग हेतू सहानुभूतीचा का असेना.

काही संस्था राजीनामा लिहून घेतात, अनुभवाचा दाखला हातात देतात आणि प्रकरण मिटले असे मानतात. तो माणूस पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या गावच्या शाळेत रुजू होतो. समितीवरील पालकांनी अशा तडजोडीला सही देऊ नये, आणि आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.

मूल शाळेत परत येईल त्या दिवसाचीही आखणी आदल्या दिवशी करावी. त्याने कोणाशेजारी बसायचे हे त्यालाच विचारावे. "इतके दिवस कुठे होतास?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ते त्याच्याशी बोलून ठरवावे. ज्या जागेची भीती वाटते ती वाट त्याला टाळता यावी, आणि रडू आले तर कोणालाही न विचारता उठून जाता येईल अशी एक खोली व तिथे बसलेली एक ओळखीची ताई असावी. वर्गात नेहमीसारखी हजेरी घ्यावी आणि त्याचे नाव इतरांच्या नावांसारखेच उच्चारावे.