जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये महागडे सुटे भाग घालावेत का?

वीस-पंचवीस वर्षे चाललेला ॲम्प्लिफायर दुरुस्तीला दिला की, ‘आता उघडलाच आहे तर चांगले कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) आणि नवे ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या आयसी) टाकून घ्या,’ असा सल्ला हमखास मिळतो. तो मानण्यापूर्वी भाग बिघडला म्हणून बदलायचा आहे, की केवळ स्वस्तातला आहे म्हणून, हे ठरवून घ्यावे.

बिघडलेल्या भागाच्या बाबतीत हात आखडू नये. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव उष्णतेने सुकत जातो आणि तापमान १० अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते; म्हणूनच हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाला) खेटून बसवलेले कपॅसिटर आधी जातात. गाणे बंद असतानाही स्पीकरमधून १०० हर्ट्झची गुणगुण येत असेल, तर पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरवर संशय घ्यावा. तेथे तेवढ्याच मूल्याचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा, खात्रीच्या दुकानातून घेतलेला साधा कपॅसिटर पुरतो. मात्र प्लग काढल्यानंतरही या कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी न पाडता १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर कपॅसिटरच्या दोन टोकांना मिनिटभर लावावा आणि मल्टिमीटरने शून्य पाहूनच हात घालावा. व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनरनेच जाते.

धडधाकट ऑप-ॲम्प बदलण्याबद्दल मी साशंक आहे. एनई५५३२ ही जुनी, स्वस्त आयसी ध्वनिमुद्रणाच्या असंख्य मिक्सरमध्ये वापरली गेली आहे. म्हणजे आपण ऐकतो त्यातील बरेचसे संगीत तिच्यातून अनेकदा जाऊन आलेले असते. उलट तिच्या जागी अतिवेगवान आयसी बसवली आणि पुरवठ्याच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर नसले, तर ती ऑसिलेट होऊन (सिग्नल नसतानाही स्वतःच कंपने निर्माण करून) तापू शकते.

तरीही मोह आवरत नसेल, तर दोन्ही चॅनेलचे भाग स्वतंत्र असलेल्या ठिकाणी फक्त डाव्या चॅनेलचे भाग बदलून घ्यावेत. दोन्हींना एकच मोनो सिग्नल द्यावा, ४०० हर्ट्झचा सूर लावून दोन्ही आउटपुटचे व्होल्टेज बॅलन्सच्या बटणाने एक टक्क्याच्या आत जुळवावे (हा फरक सुमारे ०.१ डेसिबल होतो) आणि एकच स्पीकर आलटून पालटून जोडावा. व्होल्टेज जुळवणे टाळू नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘अधिक स्वच्छ’ वाटतो आणि भले भले कानसेन तेथेच फसतात. जोडणी दुसऱ्याने, आपल्याला न दिसता, नाणे उडवून करावी. १६ पैकी १२ वेळा अचूक ओळखता आले तर फरक आहे असे मानण्यास जागा आहे, कारण निव्वळ अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. फरक न कळल्यास उजव्या बाजूचा खर्च वाचला.

स्पीकरच्या तारेचा विषय लवकर संपतो: पाच मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आठ ओहमच्या स्पीकरला पुरेशी आहे.

वाचलेले पैसे स्पीकरकडे वळवावेत, कारण विशेषतः खर्जात स्पीकरचे डिस्टॉर्शन (मूळ आवाजात होणारा बिघाड) चांगल्या ॲम्प्लिफायरच्या अनेक पट असते. वूफरच्या (खर्जाच्या स्पीकरच्या) कडेचा फोम भुगा झाला असेल तर तो बदलावा. क्रॉसओव्हरमधील (खालचे आणि वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे पाठवणाऱ्या सर्किटमधील) जुन्या इलेक्ट्रोलिटिकऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे कपॅसिटर घालणे हा मला पटणारा खर्च आहे. त्यानंतर ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) थोडा चढा वाटल्यास कपॅसिटरसोबत एकसर जोडणीत (सिरीजमध्ये) अर्ध्या ओहमच्या आसपासचा रेझिस्टर लावून पाहावा.